हौदातील मासे आणि काठावरचे शिकारी

पुण्याच्या कसबा पेठेत जुन्या वाड्यांची संख्या आता रोडावली आहे. तरीही जे वाडे तग धरून आहेत, त्यांपैकी काहींच्या चौकात तुळशीवृंदावनाशेजारी दगडी हौद आढळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले गेले. फडके हौद चौकाच्या नावात ती स्मृती आजही शिल्लक आहे. घरोघरी नळ आल्यावर हौदांचे मूळ प्रयोजन संपले आणि त्यांत कुमुदाची फुले व मासे आले. जेथे वाडा जाऊन इमारत उभी राहिली, तेथे हीच हौस गच्चीवरील टाक्यात किंवा तळमजल्यावरील छोट्या तळ्यात भागवली जाते.

मासे सोडल्यावर काही दिवसांतच त्यांची संख्या घटू लागल्याचा अनुभव मात्र अनेकांना येतो. या प्रश्नाला आरोग्याचीही बाजू आहे. डेंगीचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि पुण्याच्या हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच पुणे महापालिकेसह अनेक नागरी संस्थांचे आरोग्य विभाग साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. मासे नाहीसे झाले आणि घरच्यांच्या ते लक्षात आले नाही, तर कालपर्यंत राखण करणारा तोच हौद पंधरवड्याच्या आत डासांचे उत्पत्तिस्थान बनतो.

शिकारी कोठून येतात?

कसबा पेठेच्या उत्तरेस मुठा नदी वाहते. नदीकाठची झाडे आणि पात्रातील उथळ पाणी यांच्या आश्रयाने पाणपक्षी शहराच्या अगदी मध्यात नांदतात. त्यांच्या दृष्टीने वाड्यातील हौद हे नदीचेच एक लहानसे डबके होय, आणि तेथील मासे लालभडक, सोनेरी व पळायला जागा नसलेले!

या पाहुण्यांत पहिला मान ढोकरी या बगळ्याचा. बसलेला असताना तो मातकट तपकिरी दिसतो आणि दगडी काठावर सहज मिसळून जातो. उडाल्यावरच त्याचे पांढरेशुभ्र पंख दिसतात. ‘बकध्यान’ हा शब्द ज्या निश्चलतेवरून आला, ती पाहायची असेल तर ढोकरीला पाहावे. संध्याकाळनंतर तिची जागा रातबगळा घेतो. पांढऱ्या छातीचा, निळ्या पंखांचा खंड्या तारेवर किंवा कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर बसून टेहळणी करतो आणि थेट पाण्यात सूर मारतो. कावळेही पृष्ठभागावर आलेला दुबळा मासा सोडत नाहीत.

चार पायांच्या शिकाऱ्यांत मांजर काठावर बसून पंजाने मासा उडवते, तर मुंगूस दिवसाढवळ्या येते आणि प्रसंगी पाण्यातही उतरते. पावसाळ्यात दिवड हा पाणसाप येण्याचा संभव असतो. तो बिनविषारी आहे, परंतु डिवचल्यास कडकडून चावतो. सर्वांत दुर्लक्षित शिकारी पाण्यातच असतो. चतुराची अळी तळाशी दबा धरून माशांची पिले फस्त करते.

खुणांवरून ओळख

उपाय योजण्यापूर्वी शिकारी कोण, हे ठरवणे आवश्यक आहे. मासे एकेक करून, कोणतीही खूण न ठेवता नाहीसे होत असतील तर संशय पक्ष्यांवर घ्यावा. वाचलेल्या माशांच्या पाठीवर चोचीची जखम दिसल्यास तो बगळ्याचा चुकलेला वार समजावा. काठावर खवले, डोके किंवा अर्धवट खाल्लेला मासा आढळल्यास मांजर अथवा मुंगूस येऊन गेले, असे मानण्यास हरकत नाही. केवळ पिलेच नाहीशी होत असतील, तर चतुराच्या अळीबरोबर मोठ्या माशांकडेही पाहावे लागते. गप्पी मासे स्वतःचीच पिले खातात. प्राचीनांनी ‘मत्स्यन्याय’ हा शब्द घडवला तो उगाच नव्हे.

एका सकाळी बरेचसे मासे मरून तरंगताना दिसले, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक ठरते; म्हणून ते पाणी किमान एक दिवस उघड्यावर ठेवून मगच हौदात थोडे थोडे घालावे. कसब्यातील तांबट आळीचा लौकिक मोठा असला, तरी तांब्याचे घंगाळ माशांसाठी वापरू नये. पाण्यात उतरणारे तांबे माणसाला सोसते तेवढ्या प्रमाणातही माशांना विषारी ठरू शकते. हौदात निर्माल्य टाकण्याची सवयही सोडावी. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो. प्राणवायू कमी पडला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि मग कावळ्यालाही शिकार सोपी होते.

रचना हेच खरे संरक्षण

बगळा उथळ पाण्यात उभा राहून किंवा काठावरून मान लांबवून मासा पकडतो. त्यामुळे उतरता काठ आणि काठोकाठ भरलेले पाणी या दोन गोष्टी त्याच्या सोयीच्या आहेत. जुन्या दगडी हौदाच्या भिंती सरळ उभ्या असतात, ही जमेची बाजू. पाण्याची पातळी काठापासून दीड वीतभर खाली ठेवल्यास ढोकरी आणि मांजर या दोघांचीही पंचाईत होते. नवे तळे बांधताना शोभेसाठी पायऱ्या किंवा उथळ कठडा ठेवण्याचा मोह टाळावा. पाण्याची खोली दोन ते अडीच फूट असावी. एवढ्या खोलीमुळे माशांना खाली सूर मारता येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी कढत होण्याचा धोकाही कमी होतो.

दुसरी गरज लपण्याच्या जागेची. त्यासाठी बाजारातून काही आणण्याचे कारण नाही. तळाशी दोन विटांवर जुनी कौले पालथी ठेवावीत किंवा कानाला तडा गेलेला मातीचा माठ आडवा टाकावा. कुमुदाची पाने पृष्ठभागाचा साधारण अर्धा भाग झाकतील एवढी वाढू द्यावीत. पाने सर्व पाणी व्यापू लागली, तर रात्री माशांना प्राणवायू कमी पडतो. मुठेला वेळोवेळी ग्रासणारी जलपर्णी मात्र हौदात आणू नये; ती झपाट्याने पसरते.

खंड्यासाठी उपाय साधा आहे. हौदावरून जाणारी दोरी अथवा तार दुसरीकडे हलवावी, म्हणजे त्याचे टेहळणीचे ठाणेच नाहीसे होते. पावसाळ्यात मुसळधार सरीने हौद काठोकाठ भरला, तर वर सांगितलेले अंतर उरत नाही आणि मासे वाहूनही जातात. याकरिता ठरावीक उंचीवर जादा पाणी जाण्याचे भोक ठेवून त्याला बारीक जाळी बसवावी.

जाळी कोणती, कशी?

एवढे करूनही उपद्रव थांबला नाही, तर जाळी घालावी लागते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. बारीक धाग्याची सैल नायलॉनची जाळी पाण्यावर पसरणे हा स्वस्त उपाय क्रूर ठरतो. तिच्यात पक्ष्यांचे पाय, सापांचे अंग आणि कधी मासेही अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत तडफडून मरतात. पाण्यावरून नायलॉनचा दोरा ताणण्याबाबतही हेच म्हणावे लागेल. पतंगाच्या नायलॉन मांजामुळे होणाऱ्या इजांमुळे राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, हे विसरून चालणार नाही.

त्याऐवजी लोखंडी किंवा लाकडी चौकटीवर पक्की, न लवचणारी तारेची जाळी ताणून बसवावी. तिची भोके पाऊण ते एक इंचाची असावीत आणि ती पाण्यापासून वीतभर उंच राहावी. पाण्याला टेकलेल्या जाळीतून बगळा सहज चोच घालतो. सफाईसाठी चौकट उचलता यावी, पण मुंगसाला ढकलता येऊ नये इतकी ती जड असावी. घरात लहान मुले असल्यास अशी चौकट अन्यथाही आवश्यकच आहे.

चकाकणाऱ्या तबकड्या टांगणे किंवा प्लास्टिकचा बगळा उभा करणे, हे उपाय काही दिवसच चालतात. बगळा आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही, या समजुतीवर परदेशांतील बागांत खोटे बगळे विकले जातात. पण बगळ्यांच्या अनेक जाती एकाच झाडावर समूहाने घरटी करतात. काठावर निवांत उभा असलेला सोबती पाहून नवा बगळा उलट आश्वस्त होण्याचीच शक्यता अधिक.

कायदा आणि कर्तव्य

बगळा, खंड्या, मुंगूस व दिवड हे सर्व वन्यजीव आहेत. त्यांना मारणे, विष घालणे किंवा पिंजऱ्यात पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा ठरतो. हौदात साप दिसल्यास काठी न उगारता त्याला बाहेर जाण्यास वाट द्यावी. गरज भासल्यास वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे. काठापर्यंत तिरकी फळी टेकवून ठेवल्यास चुकून पडलेला साप, खार किंवा बेडूक आपोआप बाहेर पडतो. फळी काठाच्या आतल्या बाजूलाच राहील आणि जाळीला तेथे छोटी फट असेल, एवढी काळजी घ्यावी.

संरक्षणाचा हा विचार उलट दिशेनेही करावा लागतो. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. त्याच कामासाठी १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणलेला गंबुसिया मासाही परकाच. बंदिस्त हौदात ते उपयोगी असले, तरी नदी-तलावांत पोहोचल्यावर स्थानिक माशांची अंडी व पिले खातात आणि त्यांचे अन्नही पळवतात. त्यामुळे हौद धुताना उरलेले मासे दया म्हणून मुठेत सोडू नयेत. ते दुसऱ्या बंदिस्त हौदाच्या मालकास द्यावेत. ज्यांना शक्य आहे, त्यांनी डोक्यावर रुपेरी ठिपका असलेल्या पिकूसारख्या स्थानिक माशांचा विचार करावा. तोही पृष्ठभागावरील अळ्या आवडीने खातो.

आठवड्यातून एकदा दाणे टाकताना मासे मोजण्याची सवय लावून घ्यावी. संख्या घटलेली दिसताच पाण्यात अळ्या वळवळताहेत का, हेही पाहावे. दोन मिनिटांचे हे काम वेळेवर झाले, तर मासे वाचतील, घरातील माणसे डेंगीपासून सुरक्षित राहतील आणि ढोकरी आपली शिकार नदीवर शोधेल.