हातमोजे डिक्कीत नकोत, हातात हवेत!

डिसेंबर-जानेवारीत सकाळी चोरखमाऱ्याहून तिरोड्याकडे निघणाऱ्या दुचाकींकडे जरा लक्ष देऊन पाहावे. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, त्यावर जर्किन. आणि हात? कुणाचे उघडेच, कुणाच्या हातात लोकरीचे विणलेले मोजे, तर काहींनी चक्क पायमोजे हातात चढवलेले. पायमोजे घालून स्कूटी चालवणाऱ्यांत माझी पत्नीही होती, हे सांगताना आज संकोच वाटतो. कारण त्याच घरात माझ्यासाठी चामडी हातमोज्यांची जोडी आलेली होती आणि ती मी घालत नव्हतो.

आपले गाव नागझिरा अभयारण्याला लागून. तलावाकडून धुके येते, जंगलाच्या कडेने गार वारा लागतो. हवेचे तापमान १० अंश असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर उघड्या कातडीला ते ५-६ अंशांसारखे जाणवते. बोटे बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेला हे कळत नाही. त्यातच एखादे चितळ किंवा रानडुक्कर आडवे आले तर? लोकरीच्या मोज्यातून वारा आरपार जातो, आणि तो हँडलच्या मुठीवरून सरकतो. पायमोज्यात तर बोटे वेगळी होतच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर सांडलेल्या गिट्टीवरून माझे पुढचे चाक घसरले. वेग फार नव्हता. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले, पण दोन्ही तळहात सोलून निघाले. पडताना माणूस विचार करून पडत नाही, हात आपोआप पुढे जातात. डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. मनगटात नावेच्या आकाराचे एक छोटे हाड असते. हातावर पडल्यास ते मोडू शकते, आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने ते लवकर जुळत नाही. माझे हाड शाबूत होते. पण कारकुनाला पंधरा दिवस पेन धरता आले नाही आणि जेवण पत्नीच्या हातून घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, ते मोजे डिक्कीत काय उबवायला ठेवले होते?”

उत्तर सोपे होते. ते हाताला लागत होते. अंगठ्याच्या बेचक्यात शिवण टोचायची. बोटांची टोके अर्धा इंच रिकामी राहायची आणि ब्रेकच्या लिव्हरमागे अडकायची. हॉर्नचे बटण सापडायचे नाही. दुकानदार म्हणाला होता, “चामडे आहे, सैल होईल.” मी बी. कॉम. झालेला माणूस, पण हिशेब विचारला तो फक्त किमतीचा.

खरा हिशेब शिकवला तो तालुक्याच्या गावी झाडाखाली बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी. त्यांनी मोजा उलटा करून पाहिला. म्हणाले, “बाबू, चामडं रुंदीत देते, लांबीत देत नाही.” मोजे करणारा चांगला कारागीर कापण्यापूर्वी चामडे लांबीच्या बाजूने ओढून घेतो, म्हणून पुढे वापरात ते आडवे सैल होते. म्हणजे तळहाताला किंचित घट्ट असलेला मोजा पंधरवड्यात बसतो, पण बोटाला लांब असलेला कधीच बसत नाही. इतक्या जाणत्या माणसाला आपण फक्त चपलेचा अंगठा तुटला की शोधतो. काकांनी ती टोचणारी शिवण उसवून सपाट घालून दिली.

तेव्हा घेताना शिंप्याचा टेप घ्या. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती माप काढा. ते ८ इंच आले तर बहुधा ८ नंबर लागतो, पण प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे असते. मोजा घालून दुकानाबाहेर स्वतःच्या गाडीवर बसा. मूठ धरा, क्लच दाबा, इंडिकेटर लावा. मूठ वळल्यावर बोटांची टोके आवळली गेली तर नको, रिकामी राहिली तर मुळीच नको. तळव्याला फार जाड गादी असेल तर मूठ जाड वाटते आणि हात लवकर दुखतो. मनगटाचा पट्टा बांधून मोजा ओढून पाहा. निघून आला तर पडतानाही निघेल. आतल्या चिठ्ठीवर ‘ईएन १३५९४’ असा आकडा असल्यास तो दुचाकीच्या मोज्यांसाठीचा युरोपीय दर्जा समजावा. आपल्याकडे हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, हातमोजे नाहीत.

नवी जोडी लगेच लांबच्या प्रवासाला घालू नये. संध्याकाळी घरात अर्धा तास घालून बसा, मुठी आवळा-सोडा, लाटणे धरा. मग बाजारापर्यंत, मग तालुक्यापर्यंत. भिजले तर सावलीत, आत कागदाचे बोळे घालून वाळवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेले चामडे कडक होऊन तडकते. मी आणखी एक शहाणपण केले होते. मऊ व्हावेत म्हणून खोबरेल तेल चोपडले. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. पहाटे मोजे हातात घेतले तर पापडासारखे! चामड्यासाठी मिळणारे मलम नखभर लावावे, एवढे पुरे.

पत्नीसाठी मोजे शोधायला मात्र तीन फेऱ्या झाल्या. दुकानात बहुतेक मापे पुरुषांच्या हाताची. सर्वांत लहान जोडीतही तिची करंगळी पोहत होती. “बाई मोजे कुठे घालतात,” असे एक दुकानदार म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, “पडताना रस्ता बाई-माणूस पाहतो का भाऊ?” शेवटी बकरीच्या पातळ चामड्याची ७ नंबरची जोडी मिळाली. त्या महिन्यात माझ्या नव्या जर्किनचा बेत रद्द केला.

सध्या रोज रात्री ती ते घालून टीव्हीसमोर बसते, मुले हसतात. डाव्या अंगठ्याशी अजून थोडे लागते म्हणते. येत्या आठवडी बाजाराला काकांना दाखवायचे ठरले आहे.