उधारी बुडाली? दाव्यात राग नको, तारखा लिहा

आजचा विषय कोर्टाचा आहे, पण घाबरू नका. धंदा म्हटलं की उधारी आली, आणि उधारी म्हटलं की कधीतरी ही पायरी चढावी लागते.

माझं हार्डवेअरचं दुकान. एका ठेकेदाराकडे १,८६,००० रुपये अडकले. वकीलसाहेब म्हणाले, "काय घडलं ते लिहून आणा." मी रात्रभर बसून चार पानं लिहिली. तो कसा गोड बोलला, नंतर फोन कसा उचलेना, बायकोचे दागिने कसे गहाण ठेवावे लागले. वकीलसाहेबांनी तीन पानं खोडली आणि विचारलं, "माल कधी दिला? कितीचा? पैसे कधी द्यायचे ठरलं होतं?" एकाचंही उत्तर माझ्या पानांत नव्हतं!

त्या दिवशी कळलं, दाव्याचा मसुदा म्हणजे तक्रारवही नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ६ सांगतो की महत्त्वाची तथ्यं थोडक्यात लिहा, पुरावा तिथे मांडत बसू नका. "प्रतिवादीने फसवलं" हा झाला राग. "अमुक तारखेला, अमुक बिलाने, इतक्या रुपयांचा माल दिला, पैसे मिळाले नाहीत" हे झालं तथ्य. ते सिद्ध करणारं चलन म्हणजे पुरावा. चलन दाव्यासोबत जोडायचं, त्याची कहाणी लिहायची नाही.

दाव्यात एवढं हवंच:

१. वादी-प्रतिवादींची नावं, पत्ते
२. व्यवहाराची तथ्यं, तारखेच्या क्रमाने
३. दाव्यास कारण कधी घडलं
४. याच कोर्टात दावा का
५. दाव्याची किंमत आणि नेमकी मागणी: मुद्दल, व्याज, खर्च

जे दाव्यात लिहिलंच नाही, त्यावर नंतर पुरावा देऊन सहसा उपयोग होत नाही. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणंही अवघड. आणि खाली सत्यापनावर सही तुमची असते, म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका.

आता माझी खरी चूक. ४२,००० रुपयांची बिलं तीन वर्षांहून जुनी निघाली. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत ठरलेली असेल, तर ती संपल्यापासून तीन वर्षं. तो फोनवर "देतो, देतो" म्हणत राहिला, मी विश्वास ठेवला. तीन वर्षं संपायच्या आत "एवढं देणं बाकी आहे" असं त्याच्या सहीने लिहून घेतलं असतं, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली गेली असती. मी घेतलं नाही. दावा १,४४,००० चाच झाला.

आणि उद्या एखाद्या पुरवठादाराने तुमच्यावरच दावा लावला तर? समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कोर्टाने मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत. "सगळं खोटं आहे" एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्या. जे स्पष्ट नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं.

मसुदा वकीलच करतील, पण त्यातला माल तुमच्याच वहीतून जाणार. म्हणून आज दुकान बंद करण्याआधी एक काम करा: सगळ्यात जुनी उधारी काढा, तिची तारीख बघा आणि उद्या त्या गिऱ्हाइकाकडून बाकीवर सही घ्या. एक सही. माझे ४२,००० तेवढ्यासाठी गेले.