बारावीनंतरची पायरी



वर्गात एखादा मुलगा असा असतो, की तोंडी विचारा, चटकन उत्तर देईल. पण लिहायला बसवा, तर अक्षरे उलटसुलट करील. एखादी मुलगी गणितात हुशार, पण गलका झाला की कान झाकून बसते. आपण त्यांना आळशी नाही तर हट्टी म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यांच्या मेंदूची ठेवणच निराळी असते. पहिल्याला अध्ययन अक्षमता असेल, दुसरीला स्वमग्नता असेल. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. आईबापांचे वळण चुकले, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

अशी मुले बारावी पास होतात. खरी कसोटी लागते ती पुढे. वालूरच्या शाळेत गुरुजींना मुलाचा स्वभाव ठाऊक असतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षकही बारावीपर्यंतच्या मुलांसाठीच असतात. मग मुलगा सेलूच्या नाही तर परभणीच्या कॉलेजात जातो. आम्हा प्राध्यापकांपुढे हजेरीपटावर त्याचे नाव असते, त्याची अडचण नसते. ती कोणी सांगितली नाही, तर पहिल्या सहामाहीतच मुलगा घरी परततो, आणि गाव म्हणते, 'त्याच्यात दमच नव्हता!'

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकार मानतो. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही येतात. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची त्यात सोय आहे. दाखल्यावर 40 टक्के किंवा अधिक अक्षमता नोंदली असेल, तर सरकारी व अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागा अशा विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात आणि वयाची अट 5 वर्षांनी सैल होते. पण हे सारे मागावे लागते. मागितल्यावाचून कोणी घरी आणून देत नाही.

म्हणून अकरावीपासूनच तयारीला लागावे. पहिले काम दाखल्याचे. सरकारी रुग्णालयातून तो घ्यावा. जुना असेल, तर त्याची मुदत उलटली नाही ना, हे पाहावे. दहावी-बारावीला ज्या सवलती मिळाल्या, त्यांचे कागदही जपून ठेवावेत.

दुसरे काम सवयीचे. प्रवेशाआधी दोन-चार वेळा मुलाला एस.टी.ने कॉलेजात न्यावे. वर्ग, ग्रंथालय, कचेरी, पाण्याची जागा दाखवावी. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. पुढे त्याने एकट्याने जाऊन यावे.

तिसरे काम सर्वांत मोलाचे. आपली अडचण स्वतःच्या तोंडाने सांगायला मुलाला शिकवावे. 'सर, मला लिहायला वेळ लागतो. मला जादा वेळ मिळावा,' एवढी दोन वाक्ये पुरेत. गुरुजींनी ती वर्गात त्याच्याकडून म्हणवून घ्यावीत. आजवर आई बोलत होती, गुरुजी बोलत होते. कॉलेजात त्यालाच बोलायचे आहे. बोलणे जमत नसेल, तर तेच एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.

गुरुजींना आणखी एक विनंती. शाळेचा दाखला देताना सोबत एक पानभर पत्र द्यावे: मुलाला काय जमते, काय अडते, कशाने सोपे जाते. मात्र ते मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने लिहावे. ते पान हाती पडले, तर कॉलेजातल्या मास्तरांचे अर्धे काम हलके होईल, आणि एक शिकणारे पोर घरी परतायचे वाचेल.