बँकांची स्पर्धा आणि वस्तीचे व्याज

स्पर्धा वाढली की कर्ज स्वस्त होते, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी शिकवितो. ते खोटे नाही. पण ते कोणाच्या बाबतीत खरे ठरते, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. चलनविषयक निर्णयांचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये हाताळला होता. तोच येथे विचारावयाचा आहे.

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचा पैसा देते, तो रेपो दर. २०१९च्या आरंभी तो ६.५ टक्के होता, मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला. पण बँका ही कपात कर्जदारापर्यंत सहजी पोचवीत नाहीत. ठेवींवरचे व्याज घटविले तर ठेवीदार शेजारच्या बँकेत जाईल, ही धास्ती असते. म्हणजे ठेवींसाठीची स्पर्धाच कर्ज महाग ठेवते! म्हणून ऑक्टोबर २०१९ पासून गृहकर्जासारखी बदलत्या व्याजाची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडण्याची सक्ती झाली. त्याचा लाभ माझ्यासारख्या पगारदाराला झाला. एक बँक व्याज उतरवीत नसेल तर मी कर्ज दुसरीकडे नेतो.

माझ्या थोरल्या भावाची भाजीची हातगाडी आहे. तो बँकेत गेला की आधी जामीनदार विचारतात. मग वहिनी मायक्रोफायनान्सच्या गटात बसते. तेथे व्याज शेकडा वीसच्या वर, आणि तेही ठरीव. रेपो उतरला काय, चढला काय, हप्ता तोच. वस्तीत स्पर्धा नाही असे नव्हे. एका गल्लीत तीन-तीन कंपन्यांचे वसुलीवाले फिरतात. पण ही स्पर्धा व्याज उतरविण्याची नसते, त्याच बाईच्या गळ्यात दुसरे-तिसरे कर्ज घालण्याची असते. २०१० साली आंध्र प्रदेशात याचाच स्फोट झाला व सरकारला वटहुकूम काढावा लागला.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे अग्रक्रम क्षेत्राला चाळीस टक्के कर्ज देण्याचे बंधन आले. आज त्यात दुर्बल घटकांचा वाटा बारा टक्के आहे. परंतु २०१६ पासून उद्दिष्ट न गाठणारी बँक ते गाठणाऱ्या बँकेकडून प्रमाणपत्र विकत घेऊ शकते. वस्तीत पाऊल न टाकताही हिशेब पुरा होतो. कार्यकर्त्यांनी सरकारी बँकांकडे माहितीच्या अधिकारात प्रत्यक्ष दिलेल्या कर्जाचे आकडे मागावेत. आणि अनुसूचित जाती-जमातींचा आकडा वेगळा मागावा, कारण 'दुर्बल घटक' या सदरात छोटे शेतकरी, कारागीर, अल्पसंख्य अशा अनेकांची एकच बेरीज केलेली असते.