स्लॉटमधल्या कार्डाला कोण ओळखतं?

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात टेंभली नावाचं लहानसं गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक टेंभलीकरांच्या हाती पडले. त्या दिवसावर, त्याच्या बऱ्या-वाईटावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला तो दिवस आठवतो तो संगणकाचा डबा उघडला की. कारण ‘आधी क्रमांक सांग, मग पुढचं बोलू’ हा व्यवहार त्या डब्यात, कार्डं जोडायची पीसीआय ही पद्धत आली तेव्हापासून, १९९२ पासून, म्हणजे टेंभलीच्या अठरा वर्षं आधीपासून चालू आहे.

नंदुरबारात लग्नाचं शूटिंग करणारा एखादा स्टुडिओ धरून चला. लग्नसराई सरेपर्यंत चार हार्ड डिस्क भरतात आणि मदरबोर्डवर डिस्क जोडायचे साटा पोर्ट चारच. पाचवी डिस्क लावायची तर दोन पोर्टचं साटा कार्ड आणायचं, पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये बसवायचं, स्क्रू आवळायचा. संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. (लिनक्स म्हणजे हौशी मंडळींचं खेळणं असं वाटत असेल तर जिल्हा न्यायालयात डोकावा. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरच्या न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स निवडलं गेलं आणि खटल्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर एनआयसी या सरकारी संगणक-केंद्राच्या पुणे शाखेत तयार झालं.) कार्डासोबत आलेली सीडी खोक्यातच राहते. बटण दाबलं की पाचवी डिस्क हजर. इतकं सहज, की मध्ये काही घडलं असं वाटतच नाही.

घडतं ते असं. सुरू होताच लिनक्सचं कर्नेल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, पत्त्यांवर फिरून विचारपूस करू लागतं. पत्त्याचे तीन भाग असतात: २५६ पर्यंत बस, प्रत्येक बसवर ३२ पर्यंत उपकरणं आणि एकेका उपकरणात ८ पर्यंत उपविभाग. गुणाकार केला तर ६५,५३६ जागा. प्रत्येक उपकरणाने आपली माहिती ठराविक साच्यात ठेवायची असा नियम आहे. पहिल्या दोन बाइटमध्ये बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, पुढच्या दोनमध्ये त्या मॉडेलचा. हे क्रमांक हेक्साडेसिमल पद्धतीत, म्हणजे अंकांसोबत ए ते एफ ही अक्षरंही वापरून लिहितात. इंटेलचा कंपनी-क्रमांक आहे ८०८६. १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचंही हेच नाव, तेव्हा क्रमांक वाटताना कुणीतरी गालात हसलं असणार. स्वस्त साटा कार्डांवर हमखास दिसणाऱ्या एएसमीडिया कंपनीचा क्रमांक १बी२१ आणि तिच्या एका लोकप्रिय चिपचा ०६१२.

आणि स्लॉट रिकामा असेल तर? तिथून उत्तर द्यायला कुणीच नसतं. मग वाचणाऱ्याच्या हाती सोळाच्या सोळा बिट एक-एक पडतात, म्हणजे एफएफएफएफ. म्हणून हा क्रमांक कोणत्याही कंपनीला दिलेला नाही. तो ‘इथे कुणी राहत नाही’ यासाठी राखून ठेवला आहे. मला तर हा भाग फार आवडतो. शांततेलाही एक आकडा आहे आणि तो कुणाला विकता येत नाही.

कार्डाला जागा किती हवी हे विचारायची तऱ्हा तर याहून चतुर. कार्डाशी बोलायचं म्हणजे मेमरीतले काही पत्ते त्याच्या नावावर करून द्यायचे. किती पत्ते? कर्नेल कार्डाच्या पत्त्याच्या रकान्यात सगळे एक भरतं आणि लगेच तोच रकाना परत वाचतं. कार्डाने काही बिट बदलू दिलेले असतात, काही नाही. खालचे ९ बिट जागचे हलले नाहीत, तर कार्डाला २ चा ९ वा घात, म्हणजे ५१२ बाइट हवेत. अर्ज नाही, फॉर्म नाही. लिहून बघायचं आणि काय पुसलं गेलं यावरून मागणी ओळखायची.

आधारशी असलेलं साम्य मात्र इथे संपतं. आधार क्रमांक एका माणसाचा एकट्याचा. कार्डाचा क्रमांक त्या जातीच्या सगळ्या कार्डांचा एकच. तीच दोन कार्डं शेजारी-शेजारी बसवली तर ती कुठल्या स्लॉटमध्ये आहेत एवढ्यावरूनच वेगळी कळतात. डिस्कचंही तसंच. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं; नवं कार्ड आलं की कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते. म्हणून जाणती माणसं ही नावं कुठेही पक्की लिहीत नाहीत. डिस्कवरच्या फाइल सिस्टिमला मिळालेला यूयूआयडी हा १२८ बिटांचा ओळख-क्रमांक लिहितात.

क्रमांक कळला, आता त्या कार्डाची भाषा जाणणारा ड्रायव्हर शोधायचा. कर्नेल कार्डाचे सगळे क्रमांक जोडून एक लांबलचक ओळ तयार करतं आणि ती एका यादीशी ताडून पाहिली जाते. ही यादी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीच भरलेली असते: हा कंपनी-क्रमांक, हा मॉडेल-क्रमांक आला तर मला हाक मारा. जगभरातल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं एकेक ओळ भरत ती वाढवली आहे. नंदुरबारच्या टेबलावरचं कार्ड चालतं ते त्यातल्या कुणीतरी कधीतरी भरलेल्या ओळीमुळे.

यादीत ओळच नसली तर? त्याचीही तजवीज आहे. कार्ड आपला वर्गही सांगतं, तीन बाइटमध्ये. ०१ म्हणजे साठवणुकीचं उपकरण, ०६ म्हणजे साटा, शेवटचं ०१ म्हणजे एएचसीआय या जाहीर नियमावलीप्रमाणे वागणारं. लिनक्सच्या एएचसीआय ड्रायव्हरच्या यादीत शेवटी एक उदार ओळ आहे: वर्ग ०१०६०१ असेल तर बनवणारा कुणीही असो, मी सांभाळतो. कालपरवा जन्मलेल्या कंपनीचं कार्डही म्हणूनच पहिल्या झटक्यात चालतं.

गोंधळ होतो तो दुसरीकडेच. कार्ड दिसतं का हे बघायला लोक एलएसपीसीआय ही आज्ञा देतात. पडद्यावर कंपनीचं आणि चिपचं नाव झळकतं आणि ‘ओळखलं की!’ म्हणून जीव भांड्यात पडतो. पण ते नाव पीसीआय-आयडीज नावाच्या वेगळ्याच फाइलमधून येतं. चेक प्रोग्रॅमर मार्टिन मारेश यांनी ही आज्ञा लिहिली आणि ही फाइलही उभी केली. तिचा ड्रायव्हरशी काडीचा संबंध नाही. नाव ठाऊक असणं आणि काम करून घेता येणं यात जमीन-अस्मानाचं अंतर. खरी तपासणी हवी तर त्या आज्ञेपुढे के हे अक्षर जोडावं आणि ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ असं सांगणारी ओळ येते का ते पाहावं. ती नसेल तर कार्ड दिसतंय, पण त्याला वाली नाही.

ड्रायव्हर आहे आणि तरी संगणक सुरू होत नाही, असंही घडतं. प्रणाली ज्या डिस्कवर आहे तीच नव्या कार्डाला जोडली, तर ड्रायव्हरची फाइल त्या डिस्कवर आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. म्हणून इनिटरॅमएफएस नावाची छोटी गाठोडी कर्नेलसोबत आधीच मेमरीत चढवतात आणि गरजेचे ड्रायव्हर तीत बांधून ठेवतात. कार्ड बदललं की ही गाठोडी नव्याने बांधावी लागू शकते.

यादीतली एक ओळ किती मोलाची, हे रेड हॅटच्या लिनक्सची आठवी आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हा अनेकांना उमगलं. सर्व्हरमध्ये मोठ्या संख्येने असलेली एलएसआय कंपनीची जुनी एसएएस कार्डं (तीही डिस्क जोडणारीच) तिच्यात चालेनाशी झाली. ड्रायव्हर होता, कार्डं धडधाकट होती. रेड हॅटने जुन्या मॉडेलांचा पाठिंबा बंद करताना त्यांचे क्रमांक यादीतून काढून टाकले होते, एवढंच. व्यवहार म्हणून मला ते समजतं; कुठलीही कंपनी जन्मभर जुन्या मालाची हमी देणार नाही. पण ड्रायव्हरचा सोर्स सगळ्यांसमोर होता. ईएलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाने काढलेले क्रमांक परत घालून ड्रायव्हर बांधला आणि ज्याला हवा त्याला दिला.

एवढी वाट बघायचीही गरज नसते. चालू असलेल्या लिनक्समध्ये प्रत्येक पीसीआय ड्रायव्हरच्या फोल्डरात न्यू-आयडी नावाची फाइल असते. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून तिच्यात कंपनी-क्रमांक आणि मॉडेल-क्रमांक लिहिला की यादीत तात्पुरती ओळ वाढते आणि ड्रायव्हर तत्क्षणी त्या कार्डाकडे वळतो. संगणक बंद झाला की ती ओळ गेली. धोका इतकाच की चिप खरोखरच त्या भाषेत बोलणारी नसेल, तर ड्रायव्हर भलत्याच ठिकाणी भलतंच काही लिहू शकतो. तेव्हा पहिला प्रयोग करताना कामाच्या डिस्क काढून ठेवाव्यात आणि कार्डाला एखादी जुनी, रिकामी डिस्क लावावी.