काउंटरवरची नीती

२०१३ साली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे बावस्करांचं नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत पोहोचलेलं. हा धनादेश मात्र तपासणीला पाठवलेल्या पेशंटबद्दलचा होता. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ‘कट’, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचं कमिशन, हा प्रकार वैद्यकीय व्यवसायात कुणाला नवा नव्हता. मला नवल वाटलं ते पैसे पाकिटातून न येता धनादेशाने आले याचं. म्हणजे तो कुणीतरी लिहिला, कुणीतरी त्यावर सही केली आणि हिशेबाच्या वहीत या खर्चाला रीतसर रकाना होता.

पुढे २०१७ मध्ये मुंबईतल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही, असे फलक लावले. इंडियन मेडिकल असोसिएशन नाराज झाली. कमिशनवर नव्हे, फलकावर! त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. त्याचा कायदा काही झाला नाही.

आपल्याकडे वैद्यकीय नीतीची चर्चा डॉक्टरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. एक तर तो देवमाणूस, नाहीतर कसाई. पण पेशंट डॉक्टरसमोर बसण्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं. अनामत किती घ्यायची, सर्जनच्या करारात पगार किती आणि ऑपरेशनच्या संख्येवर किती, औषधं कुणाकडून आणि काय भावाने, रात्री वॉर्डात नर्स किती, हे सगळं बैठकीच्या खोलीत ठरतं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहिलं. त्यात कॉर्पोरेट रुग्णालयांतल्या टार्गेटची हकिकत डॉक्टर स्वतःच सांगतात. ओपीडीत आलेल्यांपैकी किती जण ऑपरेशनपर्यंत पोहोचले, याचा दर महिन्याला हिशेब होतो. अशा ठिकाणी तरुण डॉक्टरने नीतीने वागायचं तर नोकरी पणाला लावावी लागते. साध्या माणसाला नोकरी न गमावता प्रामाणिक राहता येणं, हे मला रुग्णालयाच्या चांगल्या नेतृत्वाचं पहिलं लक्षण वाटतं.

धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत नेतृत्वाचा हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात उघडा पडतो. यांना करात सवलत मिळते, अनेकांना सरकारी जमीन नाममात्र दरात मिळालेली आहे. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१अअ खाली काही बंधनं आहेत आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची योजनाच आखून दिली. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि पेशंटांच्या एकूण बिलातले २ टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा. तातडीचा पेशंट ताबडतोब दाखल करून घ्यायचा, निर्धनाकडे अनामत मागायची नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

कागदावर याहून चांगली योजना सापडणं कठीण. प्रत्यक्षात ती काउंटरवर अडते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा हवा, रेशनकार्ड पिवळं की केशरी ते बघायचं, समाजसेवा अधीक्षक सुट्टीवर, साहेब मीटिंगमध्ये. खाट शिल्लक आहे की नाही हे नातेवाइकाला कळायला मार्ग नसतो, म्हणून तो ओळखीच्या नगरसेवकाकडून फोन करवतो. फोन आला की खाट सापडते. निधीतली रक्कम मग गरजेपेक्षा वशिल्याने वाटली जाते आणि व्यवस्थापनाला त्यात वावगं दिसत नाही, कारण २ टक्क्यांचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर गेलेला असतो. कायदा पाळूनही गरिबाला दारातून परत पाठवता येतं, ते असं.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर आरोप झाला, की गरोदर महिलेला दाखल करताना १० लाखांची अनामत मागितली गेली. पुढे त्या महिलेचा दुसऱ्या रुग्णालयात मृत्यू झाला. चौकश्या, मोर्चे, खुलासे सगळं झालं. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. तातडीच्या पेशंटकडून यापुढे अनामत घेणार नाही, असं रुग्णालयाने काही दिवसांतच जाहीर केलं. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, सरकारी अनुदान लागलं नाही. म्हणजे हा निर्णय विश्वस्तांना महिनाभर आधीही घेता आला असता. वर्षभर आधीही.

सरकारी दवाखान्यांचं दुखणं वेगळं. तिथे पैशाच्या मोहापेक्षा अधिकार नसणं जास्त नडतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालकं. एका खासदाराने तिथे जाऊन प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. कॅमेरे होतेच. ‘प्रभारी’ या शब्दावर मात्र कुणी थांबलं नाही. जागा रिकाम्या, औषधखरेदी २०१७ पासून सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे आणि मग २०२३ च्या कायद्याने नव्या प्राधिकरणाकडे, आणि वॉर्डातल्या नर्सच्या हाती काय, तर ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी. अधिष्ठात्याला नैतिक नेतृत्व दाखवा म्हणायचं आणि साधी सलाईन घ्यायला वर विचारायला लावायचं, हा सासूच्या हाती किल्ल्या ठेवून सुनेला पंगत वाढायला सांगण्यातला प्रकार झाला. रुग्णालयांतल्या आगींची गोष्टही याच जातीची. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीत १० बाळं गेली, तपासणीचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला.

कोविडने एक भ्रम घालवला, की खासगी रुग्णालयाचं बिल हे बाहेरच्याला न कळणारं गूढ आहे. मे २०२० मध्ये राज्याने दर बांधले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. काही रुग्णालयांनी जादा पैसे परत केले. साथ ओसरली तसे लेखापरीक्षकही उठले.

वेगळं चालवता येतं, याचे दाखले जुने आहेत. मदुराईत डॉ. जी. व्यंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलं. तिथे पैसे भरायचे की मोफत विभागात जायचं हे पेशंट स्वतः ठरवतो, गरिबीचा दाखला कुणी मागत नाही. हे आपल्या पिवळ्या रेशनकार्डाशेजारी ठेवून पाहा. डॉक्टर पगारावर असतात, त्यामुळे कुणाचं ऑपरेशन केलं याने त्यांच्या खिशात फरक पडत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ऐपतीप्रमाणे ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालवला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. या माणसांच्या त्यागाचे गोडवे आपण पुष्कळ गातो. त्यांनी वेतन, दर आणि अधिकार यांची घडी कशी बसवली, हे कुणी फारसं विचारत नाही. त्यागाची नक्कल करता येत नाही, वेतनपद्धतीची येते.

कायद्याच्या बाजूने पाहायचं तर केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली: रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, बिलापायी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचं नाही.

पण प्रश्न विचारायला नवा नियम लागत नाही. हे वाचणाऱ्यांत एखाद्या धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त नक्की असतील. पुढच्या बैठकीत अहवाल वाचून मंजूर करण्याआधी त्यांनी तीन आकडे मागावेत: निर्धन रुग्ण निधीत आज शिल्लक किती, गेल्या महिन्यात राखीव खाटांपैकी रिकाम्या किती राहिल्या, आणि किती डॉक्टरांच्या करारात टार्गेट लिहिलेलं आहे. आकडे लगेच मिळाले नाहीत, तर चहा येईपर्यंत थांबावं आणि पुन्हा मागावेत.