२०२२ ला निवृत्त झाला, पण मोबाईलवर अजून गोल मारतोय! कोण हा जपानचा नाकामुरा?

रात्री जेवणं झाली की आमचं पोरगं मोबाईल घेऊन कट्ट्यावर बसतं. परवा मलाही दाखवलं. "पप्पा, हे बघा." एक बारकासा जपानी माणूस डाव्या पायानं चेंडू मारतो, चेंडू समोरच्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळतो आणि थेट जाळ्यात. पंधरा सेकंदांचा खेळ. तुमच्याही मोबाईलवर आला असेल.

हा शुनसुके नाकामुरा. जन्म १९७८ चा, योकोहामा शहरातला. त्या व्हिडिओतला गोल २१ नोव्हेंबर २००६ चा आहे. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात सेल्टिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड असा सामना होता. नाकामुरा सेल्टिककडून खेळत होता. ८१ व्या मिनिटाला त्यानं ही फ्री किक मारली. फ्री किक म्हणजे समोरच्यानं फाऊल केल्यावर चेंडू जागेवर ठेवून मारायची संधी. अंतर २५ मीटरच्या वर, गोलात व्हॅन डर सार यांच्यासारखा नावाजलेला गोलकीपर. तरी चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला. सेल्टिक १-० नं जिंकलं आणि चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळा संघांत पहिल्यांदाच पोचलं.

चेंडू वळतो कसा? पायाच्या आतल्या बाजूनं चेंडूच्या मधोमध न मारता जरा कडेला मारलं की तो स्वतःभोवती गरगर फिरत जातो. मग एका बाजूची हवा भरभर सरकते, दुसऱ्या बाजूची अडते. दोन्हीकडचा दाब वेगळा झाला की चेंडू एका अंगाला ओढला जातो. शास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. कोल्हापूरच्या पेठांतल्या पोरांना हे नाव माहीत नसेल, पण किक माहीत आहे.

आता हा माणूस निवृत्त होऊनही आपल्यापर्यंत का येतो? मोबाईल बघतो तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला का, परत लावला का. फ्री किकला भाषा लागत नाही, आधीचा सामना बघावा लागत नाही, आणि चेंडू कुठनं वळला हे बघायला माणूस दुसऱ्यांदा लावतोच. मग तसलेच आणखी येतात. चालत्या बसच्या खिडकीतनं त्यानं चेंडू आत घातला, तो टीव्ही कार्यक्रमातला तुकडाही असाच फिरतोय. काही जण तर जुनाच गोल "कालचा" म्हणून टाकतात. तारीख बघत जा.

पण त्या पंधरा सेकंदांत एक गोष्ट येत नाही, आणि तालुक्याच्या निवडीत नाव आलं नाही म्हणून घरी बसलेल्या पोरांनी ती वाचावी. योकोहामाच्या क्लबनं नाकामुराला लहानपणी पुढच्या गटात घेतलंच नव्हतं. तो अंगानं लहान होता. मग तो शाळेच्या संघातून खेळला आणि पुढं त्याच क्लबचा मोठा खेळाडू झाला. २००२ चा वर्ल्ड कप जपान आणि कोरियात झाला, घरच्या मैदानावर. प्रशिक्षक त्रूसिए यांनी त्याला संघातच घेतलं नाही. त्याच वर्षी तो इटलीत खेळायला गेला. २०१३ ला, पस्तीस वर्षांचा असताना, जपानच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान त्याला २००० मध्येही मिळाला होता.

आणि हो, त्या ग्लासगोच्या सामन्यात शेवटी युनायटेडला पेनल्टी मिळाली होती. सेल्टिकचा गोलकीपर बोरुच यानं ती अडवली. नाहीतर सामना १-१ झाला असता. तो तुकडा वेगळा शोधावा लागतो.